कागद मागा, खुलासा नको : सोलापुरात माहिती अधिकाराचा पहिला अर्ज

माहिती अधिकाराचा अर्ज करायला वकील लागत नाही, वशिला लागत नाही आणि कारणही सांगावं लागत नाही. लागतो एक साधा कागद, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणि आपल्याला नेमका कोणता सरकारी कागद हवा आहे याची कल्पना. तिकीट कोर्टाजवळ किंवा तहसीलजवळ मुद्रांक विक्रेत्याकडे मिळून जातं. अर्ज फसतात ते तिसऱ्या गोष्टीपाशी, म्हणून इथे फॉर्म भरण्यापेक्षा जास्त जागा तिला दिली आहे.

कायदा केंद्राचा, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झालेला. फी, अर्जाचा नमुना आणि शब्दमर्यादा मात्र महाराष्ट्राच्या नियमांनी ठरते. यूट्यूबवर दिल्ली-लखनौच्या कुणी सांगितलेली पद्धत सोलापूर महापालिकेत जशीच्या तशी चालत नाही, एवढं आधी ध्यानात घ्या.

अर्ज खरंच लागतो का?

सातबारा, आठ-अ, मिळकत पत्रिका, जन्म-मृत्यूचा दाखला यांसाठी माहिती अधिकार वापरू नये. डिजिटल सहीचा सातबारा सरकारी संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो. शहरातल्या जागेची मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयाची, जुना हस्तलिखित फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातला. तिथे साधा नकलेचा अर्ज करायचा. जिथे खिडकी ठरलेली, फी ठरलेली, तिथे मुद्दाम तीस दिवसांच्या रांगेत का उभं राहायचं? दाखल्यांसाठी २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम आहे, त्यात प्रत्येक सेवेची मुदत लिहिलेली असते.

पण नकलेचा अर्ज देऊन महिना-दोन महिने गेले आणि प्रत्येक वेळी ‘साहेब मीटिंगला गेलेत, परवा या की’ एवढंच ऐकायला मिळत असेल, तर माहिती अधिकार कामाला येतो. तेव्हा नक्कल पुन्हा मागू नका. मागा ते हे: ‘माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिपणी, आणि तो अर्ज ज्या कर्मचाऱ्याकडे आहे त्याच्या कार्यविवरण नोंदवहीतील संबंधित पान.’ कार्यविवरण नोंदवही, म्हणजे ऑफिसात जिला वर्कशीट म्हणतात ती. कुणाच्या टेबलावर कोणता कागद कधी आला आणि कधी निघाला हे तिथे लिहावं लागतं. पुष्कळदा या अर्जाचं उत्तर येण्याआधी मूळ नक्कलच तयार होते.

कोणाच्या दारात?

इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो. नळाला पाणी आलं नाही तर प्रश्न महापालिकेचा, पण उजनीतून किती पाणी सोडलं याची नोंद जलसंपदा विभागाकडे. गल्लीतला रस्ता महापालिकेचा. गावाबाहेर पडल्यावर तोच रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, जिल्हा परिषदेचा किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असू शकतो. स्मार्ट सिटीतून झालेली कामं असतील तर त्यांच्या निविदा आणि करार सोलापूर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या वेगळ्या कंपनीच्या नावाने निघालेले असतात. सोलापूरची निवड २०१६ च्या पहिल्याच यादीत झाली होती, त्यामुळे शहरातल्या बऱ्याच जुन्या फायली तिकडे सापडतील.

गावाकडचं सोपं आहे. अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याला जन माहिती अधिकारी म्हणतात; ग्रामपंचायतीत तो म्हणजे ग्रामसेवक, आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी. घरपट्टीची आकारणी बघायची तर नमुना ८ मागा. घरकुल, रोजगार हमी, शाळेच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक यासाठी पंचायत समिती किंवा जिल्हा परिषदेचा तो-तो विभाग.

साखर कारखाना, पतसंस्था, सूतगिरणी, विणकरांची सोसायटी यांच्याकडे थेट अर्ज टाकून बसू नका. सहकारी संस्था आपोआप ‘सार्वजनिक प्राधिकरण’ ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थलप्पलम सहकारी बँकेच्या निकालात सांगितलं आहे. पण त्या संस्थेचे जे कागद सरकारी कार्यालयात येतात किंवा कायद्याने मागवता येतात, ते त्या कार्यालयाकडून मिळू शकतात. म्हणजे लेखापरीक्षण अहवालासाठी सहकार खात्याचं निबंधक कार्यालय, कारखान्यासाठी साखर सहसंचालक, यंत्रमाग-हातमागाच्या अनुदानासाठी वस्त्रोद्योग विभाग. देवस्थानांचंही तसंच. पंढरपूरची मंदिर समिती १९७३ च्या राज्य कायद्याखाली चालते, तेव्हा अर्ज तिच्याकडेच करता येतो. साध्या नोंदणीकृत न्यासाचे हिशेब मात्र धर्मादाय आयुक्त कार्यालयात बघायचे.

सोलापूरची रेल्वे, पोस्ट, आयकर ही केंद्राची कार्यालयं. तिथे केंद्राचे नियम, केंद्राचं संकेतस्थळ. दहा रुपये पोस्टल ऑर्डरने भरा. कोर्ट फी तिकीट लावलेला अर्ज ही कार्यालयं परत करू शकतात.

नेमकं कार्यालय चुकलं तरी घाबरायचं कारण नाही. कलम ६(३) प्रमाणे अर्ज योग्य ठिकाणी पाच दिवसांत वर्ग करणं आणि तसं तुम्हाला कळवणं हे त्यांचं काम आहे. तरी दारावरचा फलक वाचून घ्या. जन माहिती अधिकारी आणि प्रथम अपिलीय अधिकारी यांची नावं-पदनामं त्यावर असायलाच हवीत. फलकाचा फोटो काढून ठेवला तर महिनाभराने अपील लिहिताना शोधाशोध करावी लागत नाही.

सोमवारी दुपारी तीन ते पाच

राज्य शासनाने २६ नोव्हेंबर २०१८ ला एक निर्णय काढला. जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांतसुद्धा, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख, म्हणजे कार्यालयातल्या फायली-नोंदी, बघता यावेत. ही सोय सोलापुरात कमी लोक वापरतात आणि माझ्या मते नवख्या माणसाने सुरुवात इथूनच करावी.

त्याचं कारण असं. फाईल डोळ्यांनी बघितली नसेल तर तिच्यात काय-काय असतं हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि मग अर्जात ‘सर्व माहिती’ असं लिहिलं जातं. एकदा रस्त्याच्या कामाची एक फाईल उलटली की कळतं: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, चाचणी अहवाल, देयकं, काम पूर्णत्वाचा दाखला. प्रत्येकाला नाव आहे, बहुतेकांना क्रमांक आणि तारीख आहे. ते वहीत टिपून घ्यायचं आणि नंतर नेमकी तेवढीच पानं मागायची. चारशे पानांच्या फायलीतली बारा पानं कामाची असतात. बाकीच्यासाठी पानाला दोन रुपये कशाला मोजायचे?

सोमवारी गेलात आणि ‘असा काही जीआर आमच्याकडे आला नाही’ असं ऐकलं, तर वाद घालू नका. शासन निर्णयाची प्रत सोबत ठेवा, ती पुढे करा. तरीही नाही म्हणाले, तर नेहमीच्या अर्जात ‘अभिलेखांची पाहणी करू द्यावी’ असं लिहून तारीख मागा. तो हक्क कायद्यातच आहे. पहिला तास फुकट, पुढे थोडी फी. राज्याच्या नियमांतल्या २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे पाहणीला बसताना पेन बाहेर ठेवायचं आणि पेन्सिल न्यायची. गंमत वाटेल, पण कागदावर कुणी शाईने दोन अक्षरं वाढवू नयेत हा त्यातला हेतू आहे. तेव्हा खिशात पेन्सिल असू द्या.

दोन स्थानिक सूचना. महिन्याचा पहिला सोमवार टाळा, त्या दिवशी लोकशाही दिन असतो आणि अधिकारी तक्रारदारांच्या गराड्यात असतात. आणि आषाढीच्या आधीचे आठ-दहा दिवस महसूल आणि जिल्हा परिषदेच्या बऱ्याच कार्यालयांत खुर्च्या रिकाम्या दिसतील, कारण निम्मं जिल्हा प्रशासन पंढरपुरात असतं. अर्जाची मुदत तेव्हाही चालू राहते. पाहणीला मात्र वारीनंतर जा.

अर्ज लिहिताना

महाराष्ट्रात अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात करतात. छापील फॉर्म नसला तरी त्याच क्रमाने हाताने लिहिलेला कागद चालतो: नाव, पत्ता, माहितीचा विषय, कालावधी, वर्णन, माहिती टपालाने हवी की समक्ष, आणि दारिद्र्यरेषेखालील आहात का. असाल तर दाखल्याची प्रत जोडा, मग फी लागत नाही. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ही मर्यादा २०१२ ला आली तेव्हा पुष्कळ टीका झाली. खरं सांगायचं तर, कागदाचं नाव माहीत असलेल्या माणसाला १५० शब्दसुद्धा जास्त होतात.

अर्ज स्वतःच्या नावाने करा. हा हक्क नागरिकाचा आहे; मंडळाच्या किंवा संघटनेच्या लेटरहेडवर केलेल्या अर्जाला फाटा द्यायला निमित्त मिळतं.

आता मुख्य मुद्दा. ‘आमच्या भागातला रस्ता सहा महिन्यांत का उखडला? याला जबाबदार कोण? कारवाई कधी करणार?’ असं लिहिलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘आपला अर्ज प्रश्नार्थक स्वरूपाचा असल्याने माहिती देता येत नाही.’ राग येतो, पण कायद्याच्या दृष्टीने ते उत्तर बरोबर असतं. कार्यालयाकडे जे नोंदीच्या रूपात आहे तेवढंच द्यायचं. नवं मत बनवून द्यायचं नाही, नवी माहिती तयार करायची नाही. ‘का’चं उत्तर कागदातून आपल्यालाच काढावं लागतं. वरचाच सवाल असा लिहा:

विषय: जुळे सोलापूर भागातील (रस्त्याचे नाव, कुठून कुठपर्यंत) डांबरीकरणाचे काम.
कालावधी: १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५.
वर्णन: सदर कामाच्या पुढील अभिलेखांच्या साक्षांकित छायाप्रती मिळाव्यात. मंजूर अंदाजपत्रक; कार्यारंभ आदेश; मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने; गुणवत्ता चाचणी अहवाल; अदा केलेली देयके; करारनाम्यातील दोषदायित्व कालावधी नमूद असलेले पान; या कालावधीत सदर रस्ता खोदण्यास कोणत्याही संस्थेला दिलेल्या परवानग्या. माहिती आपल्या कार्यालयाकडे नसल्यास कलम ६(३) प्रमाणे अर्ज वर्ग करून मला कळवावे.

शेवटची ओळ विसरू नका. दोषदायित्व कालावधी म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा काळ. परवानग्यांचा उल्लेखही मुद्दाम केला आहे. नव्या डांबरावर महिन्याभरात जलवाहिनीचा किंवा केबलचा खड्डा पडतो, तो कुणाच्या परवानगीने आणि दुरुस्तीचे पैसे कुणी भरले हे तिथे कळतं.

माणसाबद्दल मागताना जपून. शेजाऱ्याचं, अधिकाऱ्याचं वैयक्तिक काही मागितलं की वैयक्तिक माहिती नाकारायचं कलम ८(१)(ञ), इंग्रजीत 8(1)(j), पुढे येतं. डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण अधिनियमाने हे कलम आणखी कडक केलं आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. लाभार्थी यादी, हजेरीपट अशा कागदांवरही आता हे कलम दाखवलं जाण्याची शक्यता आहे. कलम ८(२) शाबूत आहे. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते, पण ते हित काय हे अपिलात तुम्हालाच मांडावं लागेल. शक्य असेल तिथे माणसाऐवजी काम, योजना, रक्कम यांच्या नावाने कागद मागा.

सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी, मराठी बोलता येते पण लिहिता येत नाही अशी कुटुंबं गल्लोगल्ली आहेत. विडी वळणाऱ्या कितीतरी बायका सहीपुरतंच लिहितात. कलम ६(१) प्रमाणे ज्याला लिहिता येत नाही त्याची तोंडी विनंती लिहून घ्यायला जन माहिती अधिकाऱ्याने मदत करायची आहे. ‘बाहेरून लिहून आणा’ असं सांगणं नियमाला धरून नाही. तरी शेजारच्या शाळकरी मुलीकडून लिहून नेलेला अर्ज जास्त लवकर स्वीकारला जातो, हे वास्तव आहे.

देणे आणि पोच घेणे

दोन प्रती काढा. एक आवक-जावक खिडकीवर द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच न देता ‘ठेवून जावा, बघतो’ म्हणाले तर अर्ज ठेवू नका. सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. पुढचं सगळं तारखांवर चालतं.

राज्य शासनाचं आरटीआय ऑनलाइन संकेतस्थळ आहे. तिथल्या यादीत तुमचं कार्यालय असेल तर घरी बसून काम होतं. ग्रामपंचायतीसाठी मात्र कागद-तिकीटच बरं.

नदीपात्रातली वाळू, अतिक्रमित गायरान, गावातल्या वजनदार ठेकेदाराचं बिल अशा विषयांवर अर्ज करणार असाल तर समक्ष जाऊ नका, टपालाने पाठवा आणि घरच्यांखेरीज आणखी एकाला कल्पना देऊन ठेवा. अर्ज कुणी केला ही बातमी गावात त्याच संध्याकाळी फुटते. भीती घालायची नाही. पण भीमाकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

तीस दिवस

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर हवं. वर्ग झाला असेल तर पाच दिवस जास्त. कुणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. मध्येच पत्र येईल: ‘३६ पानांचे ७२ रुपये भरावेत.’ ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, म्हणून लगेच भरा आणि पावती घ्या. तीस दिवस उलटून गेल्यावर असं पत्र आलं तर कलम ७(६) दाखवा. उशीर झाला की माहिती फुकट द्यावी लागते.

उत्तरांचे काही ठरलेले साचे आहेत. ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे, समक्ष येऊन पाहावी’ असं आलं तर वाईट वाटून घेऊ नका, पेन्सिल घेऊन जा. ‘त्रयस्थ पक्षाची माहिती’ असं म्हणून ठेकेदाराला विचारणं हे कलम ११ नुसार होऊ शकतं, पण ठेकेदार नको म्हणाला म्हणजे संपलं असं नाही. निर्णय अधिकाऱ्याने द्यायचा असतो, आणि सरकारी पैशाने दिलेलं बिल हे गुपित ठरवणं अवघड आहे. ‘अभिलेख आढळून येत नाही’ हे सगळ्यांत चिवट उत्तर. त्यावर दुसरा छोटा अर्ज टाका: त्या अभिलेखाचं वर्गीकरण अ, ब, क की ड, आणि नष्ट केला असेल तर नष्ट केल्याच्या नोंदवहीतलं पान. कायम जपायचा ‘अ’ वर्गातला कागद हरवला असेल तर ती जबाबदारी कुणावर तरी येते. हा अर्ज पोचल्यावर पुष्कळ कागद कपाटाच्या मागून निघतात.

अपील

उत्तर आलं नाही, अर्धवट आलं किंवा नाकारलं, तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील. नमुना ‘जोडपत्र ब’, वीस रुपयांचं कोर्ट फी तिकीट, सोबत अर्ज, पोच आणि उत्तराची प्रत. ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे जातं. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. सुनावणीची नोटीस आली तर जा. चार ओळी लिहून न्या: कोणता मुद्दा मागितला, काय मिळालं, काय राहिलं. तिथे भ्रष्टाचारावर भाषण करू नका, कारण अपिलीय अधिकारी फक्त माहिती दिली की नाही एवढंच ठरवतो. पूनम गेटसमोर करायचं धरणं वेगळं आणि या टेबलावरचं काम वेगळं.

त्यावरही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत दुसरं अपील, ‘जोडपत्र क’, पुन्हा वीस रुपये, राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. सोलापूर जिल्हा त्याच्याच कक्षेत येतो. तिथे प्रकरणांचा ढीग आहे, नंबर लागायला भरपूर वेळ जातो. म्हणून माझा सल्ला असा की दुसरं अपील जरूर टाका, पण त्याची वाट बघत हात बांधून बसू नका. तोपर्यंत तोच कागद आणखी कुठे असेल ते शोधा. महापालिकेने न दिलेलं देयक लेखापरीक्षण अहवालात दिसतं, ग्रामपंचायतीने लपवलेलं अंदाजपत्रक पंचायत समितीच्या शाखा अभियंत्याकडे असतं. सरकारी कागद एकाच ठिकाणी क्वचित राहतो.

दंडाची तरतूद दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, आणि तो अधिकाऱ्याच्या खिशातून. तो आयोगच लावू शकतो. पहिल्याच अर्जात ‘दंड करीन’ अशी धमकी लिहिणाऱ्यांची एक जमात आहे, आणि अर्ज मागे घेण्याचे पैसे मागणारी दुसरी. दोघांमुळे खिडकीवरचा कारकून नव्या अर्जदाराकडे संशयाने बघतो. साधा, नेमका, सभ्य भाषेतला अर्ज दिला की ते बघणं दुसऱ्या भेटीपर्यंत निवळतं.

कागद हातात आल्यावर

वाचायला सुरुवात मोजमाप पुस्तिकेपासून करा. लांबी, रुंदी, जाडी, तारीख तिच्यात असते. टेप घेऊन रस्त्यावर जा आणि लांबी-रुंदी मोजा. मग देयकातलं परिमाण आणि अंदाजपत्रकातला दर जुळतो का ते बघा. फरक सापडला किंवा दोषदायित्व कालावधी अजून संपला नसेल, तर आता माहिती अधिकाराचा नव्हे, तक्रारीचा अर्ज करायचा. तो नगर अभियंत्याच्या नावाने, मोजमाप पुस्तिकेचा पान क्रमांक आणि कराराची तारीख टाकून, खड्ड्याचे फोटो जोडून लिहा. ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करावी एवढीच मागणी ठेवा, आणि त्या अर्जाचीही पोच घ्या.